माशाच्या डोळ्यामागे

भाऊबीज झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. मोहाडी तालुक्यातलं करडी हे माझं गाव. धानाच्या बांध्या, वैनगंगेचं खोरं, आणि दिवाळीनंतरच्या थंडीत रात्रभर जागणारं मैदान. दिवसा दंडार नाहीतर खडी गंमत, आणि रात्री वडशाहून आलेल्या कंपनीचं नाटक. दंडारीत लुगडं नेसून नाचणारा पोरगा आमच्याच शाळेतला असायचा. ओठावरची कोवळी लव रंगाखालून दिसायची, मनगटं शेतात राबणाऱ्याची असायची. तरी तो कंबरेवर हात ठेवून नवऱ्याची वाट बघत उभा राहिला की समोर बसलेल्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. हे सोंग आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोंग लपवायची गरज कुणालाच वाटत नव्हती, करणाऱ्यालाही नाही आणि बघणाऱ्यालाही नाही.

फेदेरिको फेलिनीच्या 'कॅसानोव्हा'मधला समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी दचकलो नाही, त्याचं कारण हे असावं. तो समुद्र काळ्या प्लास्टिकचा आहे. रोममधल्या चिनेचित्ता स्टुडिओत प्लास्टिकच्या पत्र्या हलवून त्याच्या लाटा केल्या आहेत, आणि त्या लाटांतून एक माणूस जीव मुठीत धरून होडी हाकतो आहे. धानाच्या पुंजण्यावर टाकलेली ताडपत्री अवकाळी वाऱ्याने फुगते, आपटते, पुन्हा फुगते, तशी ती लाट दिसते. पाण्याचा थेंबही नाही. भीती मात्र खरी वाटते. खऱ्या समुद्रात आपण पाणी बघितलं असतं. इथे आपण त्या माणसाचं एकटेपण बघतो.

चित्रपट १९७६ चा. अठराव्या शतकातल्या व्हेनिसचा, शेकडो बायकांच्या भानगडींसाठी जगभर बदनाम झालेला जाकोमो कॅसानोव्हा हा त्याचा नायक. त्याच वर्षी, १९७६ मध्येच, मराठीत एक चित्रपट तयार झाला. त्यातही अठरावं शतक आहे, त्यातही बाईच्या लोभासाठी कुप्रसिद्ध ठरवला गेलेला एक पुरुष आहे, आणि जे दाखवायचं ते जसंच्या तसं दाखवायला त्यानेही नकार दिला आहे. तो चित्रपट 'घाशीराम कोतवाल'. विजय तेंडुलकरांच्या नाटकावरून, त्यांच्याच पटकथेवर, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'युक्त' नावाच्या सहकारी संस्थेतर्फे तो केला. इटालियन चित्रपटाच्या नावातच दिग्दर्शकाचं नाव आहे: 'फेदेरिको फेलिनीचा कॅसानोव्हा'. मराठी चित्रपटाला मात्र एक दिग्दर्शक नाही. के. हरिहरन, मणी कौल, सईद अख्तर मिर्झा आणि कमल स्वरूप अशी चार नावं लागतात.

हे दोन चित्रपट मी गेली काही वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघतो आहे. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. पण त्यांचे नायक तर खरोखरच समकालीन. कॅसानोव्हा १७२५ ते १७९८, 'घाशीराम'मधले नाना फडणवीस १७४२ ते १८००. दोघांनीही आपलं आयुष्य स्वतः लिहून ठेवलं. कॅसानोव्हाने बोहेमियातल्या डुक्सच्या किल्ल्यात ग्रंथपाल म्हणून दिवस कंठताना फ्रेंचमध्ये हजारो पानं लिहिली. नानांचं आत्मवृत्त अगदी छोटं, जन्मापासून पानिपतापर्यंत येऊन थांबणारं. पण त्या छोट्या मजकुरातही तरुणपणी कामवासनेने आपल्याला कसं घेरलं याची कबुली ते देतात. पेशवाईचा सगळा कारभार ज्याने पुढे हातात ठेवला, साडेतीन शहाण्यांतला जो अर्धा, त्याने हे लिहावं याचं मला नेहमी नवल वाटतं. (त्या साडेतिनांतला एक, देवाजीपंत चोरघडे, आमच्या नागपूरकर भोसल्यांचा. म्हणून ही म्हण आमच्याकडे जरा आपुलकीने सांगतात.) १७९१ च्या ऑगस्टअखेरीस पुण्यात कोतवाल घाशीराम सावळदासाला लोकांनी दगडांनी ठेचून मारलं, त्या वर्षांत म्हातारा कॅसानोव्हा डुक्सला आपल्या जुन्या रात्री आठवून कागदावर उतरवत होता.

एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे मन मोकळं होईल. तेंडुलकरांचा नाना म्हणजे इतिहासातला नाना नव्हे, आणि तेंडुलकरांनीही आपलं नाटक ऐतिहासिक नाही हे स्पष्ट म्हटलं होतं. बारभाईंचा कारभार सांभाळणारा मुत्सद्दी या नाटकात शोधू नये. जेम्स वेल्सने रंगवलेल्या चित्रातला नाना उभट चेहऱ्याचा, कोरडा, डोळ्यांत हिशेब असलेला आहे. डॉ. मोहन आगाशे यांनी रंगमंचावर आणि पडद्यावर उभा केलेला नाना त्या चित्रातून आलेला नाही. तो आला आहे खुर्चीच्या कल्पनेतून. खुर्चीवर बसलेल्या माणसाची भूक कशी असते, ती कोण भागवतं, आणि त्याचा बोभाटा कुणाच्या नावाने होतो, हे दाखवायला तेंडुलकरांना एक नाना हवा होता. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने पहिला प्रयोग केला, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबवलं गेलं, मग याच मंडळींनी थिएटर अकादमी काढली आणि ते पुन्हा उभं केलं. नाटकावरून झालेल्या वादाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला नाटकातल्या पाठींबद्दल बोलायचं आहे.

बारा ब्राह्मणांची ओळ. प्रेक्षकांकडे तोंड करून गातात तेव्हा ते पुण्याचे लोक. पाठ फिरवली की त्यांची भिंत होते. ही मानवी भिंत 'घाशीराम'ची सगळ्यांत गाजलेली युक्ती. कोकणातल्या खेळ्यांशी तिचं नातं सांगतात. आम्हा झाडीपट्टीच्या लोकांना तिच्यात आमचे झीलकरी दिसतात: मागे ओळीने उभे, ध्रुपद धरणारे, घडीत गाव होणारे, घडीत जंगल. पण तेंडुलकरांच्या भिंतीला एक विखारी अंग आहे. ती झाकते. बावनखणीत पुरुष रमलेले असताना, घरात बायका एकट्या असताना, नाना एखाद्या पोरीकडे सरकत असताना ही ओळ डुलत राहते, देवाचं नाव घेत राहते. भास्कर चंदावरकरांच्या संगीतात कीर्तन आणि लावणी एकमेकींच्या अंगावरून अशी जातात की एकीचा शेवट आणि दुसरीची सुरुवात वेगळी काढता येत नाही. त्या पाठींच्या आड काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, पण पाठी कशासाठी वळल्या हे कळतं. अश्लीलता कुठे असेल तर ती त्या वळण्यात आहे.

चित्रपटात हे काम कॅमेऱ्याकडे आलं. हंगेरीचा दिग्दर्शक मिक्लोश यांचो याचे लांबच लांब शॉट या तरुणांच्या मनात होते. कापाकापी न करता माणसांचे जथे फ्रेममधून वाहत न्यायचे, कॅमेऱ्याने त्यांच्यातून फिरत राहायचं. अखेरचा शॉट तर सुमारे दहा मिनिटांचा, कॅमेऱ्यातली अख्खी रीळ संपेपर्यंत चालणारा. पस्तीस मिलिमीटरची हजार फुटांची रीळ अकरा मिनिटांच्या आसपास चालते, म्हणजे दिग्दर्शकांनी यंत्राच्या ताकदीच्या टोकापर्यंत जाऊन पाहिलं. तालमी किती झाल्या असतील याचा विचार करून छाती दडपते. एकाचं पाऊल चुकलं की सगळं पहिल्यापासून. पण मला त्यात कौशल्याहून मोठी गोष्ट दिसते. कट हा चित्रपटातला पडदा असतो. नको ते कटच्या फटीत सांडून देता येतं. इथे फटच ठेवली नाही. आणीबाणीच्या दिवसांत, जेव्हा वर्तमानपत्रांच्या बातम्यांना कात्री लागत होती, तेव्हा पुण्यातल्या काही पोरांनी ठरवलं की आम्ही कापणार नाही.

खरं सांगायचं तर नाटकातलं हसू पडद्यावर थोडं विरलं आहे. प्रयोगात ब्राह्मणांच्या डोलण्याला प्रेक्षक खदखदून हसतो आणि मग आपण कशाला हसलो ते आठवून गप्प होतो. चित्रपट तेवढा वेळ हसूच देत नाही. त्याबदल्यात तो ओम पुरी देतो. अंबाल्यात जन्मलेल्या, दिल्लीत आणि पुण्यात शिकलेल्या या नटाचा हा अगदी सुरुवातीचा चित्रपट. घाशीराम कनोजहून पुण्यात नशीब काढायला आलेला परका माणूस. तो देवीच्या वणांचा चेहरा पुण्याच्या गुळगुळीत चेहऱ्यांमध्ये उभा राहिला की परकेपण वेगळं दाखवावंच लागत नाही.

आता फेलिनीकडे येतो, कारण माझी चूक तिथे उघडी पडली.

पहिल्यांदा बघताना मी गृहीत धरलं होतं की कॅसानोव्हा म्हणजे आपला नाना. दोघेही बाईवेडे, दोघेही अठराव्या शतकातले, जरीच्या कपड्यांतले. सरळ हिशेब. दुसऱ्यांदा बघताना सुरुवातीच्याच एका प्रसंगाने तो मोडला.

व्हेनिसच्या कार्निव्हलमध्ये कॅसानोव्हाला एक चिठ्ठी मिळते. एका बेटावरच्या घरात एक जोगीण त्याला भेटणार आहे. ती भेटते आणि लगेच सांगते की आपला प्रियकर, फ्रान्सचा राजदूत, शेजारच्या खोलीतून आपल्याला बघणार आहे. भिंतीवर एक मासा रंगवला आहे. त्या माशाचा डोळा म्हणजे भोक. आत राजदूत बसला आहे. कॅसानोव्हा बिचकत नाही, उलट त्याला हुरूप येतो. तो आपली पेटी उघडतो, त्यातून एक चावीचा सोनेरी पक्षी काढून ठेवतो. पक्षी पंख हलवत वरखाली होऊ लागतो, निनो रोटाचं ते काचेवर नखं वाजवल्यासारखं संगीत सुरू होतं, आणि मग जे होतं त्याला प्रणय म्हणवत नाही. ती कसरत आहे. कपडे उतरले तरी पांढरी बंडी अंगावर राहते. चेहरा रंगलेला, घामेजलेला, डोळे कुठेतरी वर. थोड्या वेळाने आपण त्या दोघांकडे बघायचं सोडतो आणि पक्ष्याकडे बघत बसतो. पक्षी निदान प्रामाणिक वाटतो.

कसरत संपते. भिंतीमागून राजदूताचा आवाज येतो: दाद आहे, थोडी टीकाही आहे. आणि इथे कॅसानोव्हा सरळ उभा राहून त्या माशाच्या डोळ्याशी बोलायला लागतो. आपण नुसते प्रेमवीर नाही. आपल्याला स्थापत्य कळतं, राजकारण कळतं, विज्ञान कळतं. फ्रान्सच्या दरबारी आपली शिफारस झाली तर फार उपकार होतील. तो बोलत राहतो. भिंतीमागून उत्तर येत नाही. राजदूत केव्हाच उठून गेला आहे.

हा प्रसंग मी थांबवून पुन्हा पाहिला. नोकरी मागणारा माणूस. सत्तेसमोर आपलं शरीर वाजवून दाखवणारा आणि मग हात जोडून अर्ज करणारा. हा नाना कुठला? हा घाशीराम आहे.

आठवा. घाशीराम पुण्यात गुलाबी या कलावंतिणीकडे नाचगाण्याच्या कामाला असतो. रंगात आलेल्या नानांचा पाय दुखावतो, तर तोच पाय हातात धरून तो बक्षीस मिळवतो आणि ते बक्षीसही गुलाबीची माणसं हिसकावून घेतात. पर्वतीच्या रमण्यात दक्षिणा घ्यायला जातो तर चोर ठरवून मार खातो. पुण्याने त्याला दाराबाहेर ठेवलं. आत शिरायला त्याच्यापाशी एकच किल्ली उरली: ललितागौरी, त्याची मुलगी. कॅसानोव्हाने स्वतःचं शरीर माशाच्या डोळ्यापुढे ठेवलं. घाशीरामने लेकीचं. दोघांनीही बदल्यात हुद्दा मागितला. फरक इतकाच की पुण्याच्या माशाने कोतवाली दिली.

नाना कुठे आहे? नाना भिंतीमागे आहे. हे एकदा दिसलं की दोन्ही कलाकृतींची बैठक बदलते. तेंडुलकरांचा नाना लोभी आहे, लाळ गाळतो, पोरीमागे तरातरा धावतो, आणि प्रेक्षकाला वाटतं की या माणसाला आपण पकडलं. पण त्याच क्षणी तो आपल्या मनातला हिशेब आपल्याला ऐकवतो: हा परका कोतवाल आपल्या कामाचा आहे, त्याने केलेलं पाप त्याच्या खात्यावर, आपण केलेलंही त्याच्याच खात्यावर. वासना हा नानाचा छंद आहे, धंदा वेगळा. आगाशे ते दोन्ही एकाच देहात दाखवतात. कमरेखाली नाचरा, लोचट. कमरेवर कारकून. नाटकातला जो नाच बघून लोक चिडले, त्याच्या आतला हा कारकून फार थोड्यांनी पाहिला असं मला वाटतं.

आणि फेलिनीला कॅसानोव्हा का आवडत नव्हता, हेही मला इथेच समजलं. त्याने ही नावड कधी लपवली नाही. डोनाल्ड सदरलँडसारख्या देखण्या नटाचं कपाळ त्याने मागेपर्यंत भादरलं, नाक आणि हनुवटी खोटी लावली, आणि त्याला मेणाचा करून टाकला. बायका जिंकणारा वीर बघायला आलेल्या प्रेक्षकाला त्याने एक बाहेरगावचा उमेदवार दाखवला, जो प्रत्येक दरबारात उशिरा पोचतो, प्रत्येक पंगतीत जरा जास्त बोलतो. रोममधल्या मेजवानीत त्याची एका गाडीवानाशी पैज लागते: तासाभरात कोण किती वेळा. उच्चकुलीन मंडळी भोवती कडं करून बसतात, पैसे लावतात. तो जिंकतो, त्याला आखाड्यातल्या मल्लासारखं खांद्यावर घेतात. त्या खांद्यांवर बसलेल्या माणसाचा चेहरा बघा. इतका एकटा चेहरा मी पडद्यावर फार कमी पाहिला आहे.

मधला भाग लांबतो. किडे गोळा करणाऱ्या विद्वानाच्या मुलींचा प्रसंग मला कधीच जमलेला वाटला नाही, पॅरिसमधल्या पुनर्जन्माच्या खटपटीत चमत्कृती जास्त आहे. पण लंडनचा भाग सोडू नये. तिथे कॅसानोव्हा लुबाडला जातो, नदीत जीव द्यायला उतरतो, आणि धुक्यात त्याला एक राक्षसासारखी उंच बाई दिसते. तिच्यामागे तो एका जत्रेत पोचतो. रात्री तंबूच्या फटीतून तो बघतो: ती प्रचंड बाई लाकडी टपात आंघोळ करते आहे, सोबत तिचे दोन ठेंगू सोबती, आणि ती बाहुल्यांना निजवावं तसं हळू आवाजात गाते आहे. ते गाणं कवी आंद्रेआ झान्झोत्तो याने लिहिलं. संपूर्ण चित्रपटात ही एकच वेळ कॅसानोव्हा बघतो आणि काही मागत नाही. सकाळी जाग येते तर जत्रा उठून गेलेली. मोकळं मैदान.

मंडईच्या दुसऱ्या दिवशीचं मैदान ज्याने पाहिलं आहे त्याला त्या सकाळीचं काय सांगायचं. बांबू काढल्याचे खड्डे, चुरमुऱ्याचे कागद, दवात भिजलेली पत्रिका. लहानपणी मी त्या मैदानात उगाच फिरून यायचो. रात्री राणी झालेला माणूस सकाळी हातपंपावर तोंड धुताना दिसायचा. कानामागे रंग राहिलेला असायचा.

तो पुरुष बाईचं सोंग घेऊन आम्हाला बाईचं दुःख दाखवायचा. लुगड्याच्या आत कोण आहे हे माहीत असूनही आम्ही त्या दुःखाला नावं ठेवली नाहीत. या दोन्ही चित्रपटांत उलटं घडतं. इथे बाई खरी आहे आणि बघणारे तिच्यात काहीच बघत नाहीत.

वुर्टेम्बर्गच्या दरबारात कॅसानोव्हाला एक यांत्रिक बाहुली दिसते. रोझाल्बा. मान टकटक वळते, पापण्या उघडमीट करतात, हात कोपरात वाकतो. ती भूमिका लेदा लोयोदिचे या नर्तिकेने केली, म्हणजे यंत्र झालेली ती खरी बाईच आहे. श्वास दिसू नये म्हणून किती कष्ट! कॅसानोव्हा तिला नमस्कार करतो, तिच्याशी नाचतो, तिला पलंगावर नेतो. आणि बघणाऱ्याला जे मनापासून हलवतं ते हे की तो तिच्याशी हळुवार आहे. जोगिणीशी नव्हता, गाडीवानाच्या पैजेतल्या मुलीशी नव्हता, तितका. ती त्याला हिशेब विचारणार नाही. तिच्यामागे कुठला राजदूत बसलेला नाही.

गौरीचं काय? तिच्या वाट्याला नाटकात फार थोडी वाक्यं आहेत. पण त्यातलं एक बोलणं सगळ्या नाटकाच्या मधोमध ठेवलं आहे. नानाच्या वाड्यातल्या गणपतीपुढे ती हात जोडून उभी असते, नाना जवळ येतो, आणि ती घाबरून म्हणते की देव बघतो आहे. नाना हसण्यावारी नेतो, मूर्ती आहे म्हणतो, त्यालाही दोन बायका आहेत म्हणतो. मी हा प्रसंग वाचलेला होता, पाहिलेला होता, आणि माशाच्या डोळ्याशेजारी ठेवेपर्यंत मला तो कळला नव्हता. एवढ्या मोठ्या पुण्यात कुणीतरी बघतंय याची जाणीव असलेली ती एकटी आहे. बाकी सगळे पाठमोरे. कॅसानोव्हाला बघणारा डोळा म्हणजे संधी वाटते. गौरीला बघणारा डोळा म्हणजे लाज वाटते आणि आधारही वाटतो, दोन्ही एकदम, तेराचौदा वर्षांच्या पोरीला वाटेल तसं. तो आधार तिला मिळत नाही. पुढे ती गरोदरपणात मरते. ते मरण रंगमंचावर होत नाही. बाप कोतवालीच्या कामात असतो, त्याला नंतर कळतं. तोवर नानाच्या नव्या लग्नाचे ताशे वाजू लागलेले असतात. (खऱ्या नानांची लग्नं नऊ झाली असं चरित्रकार सांगतात. त्यातल्या बहुतेकींची नावंही आपण शाळेत कधी ऐकली नाहीत.)

घाशीराम त्या दिवसापासून संपलेला आहे. तेलंगी ब्राह्मण कोठडीत गुदमरून मरतात, पुणं उसळतं, नाना एका सहीने आपला कोतवाल जमावाला देऊन टाकतो. भिंत पहिल्यांदाच फुटते आणि ती माणसं दगड घेऊन तोंडं वळवतात. आपल्याला वाटतं आता तरी ती नानाकडे वळतील. ती घाशीरामकडे वळतात.

कॅसानोव्हाला दगड बसत नाहीत. त्याचा शेवट सावकाश होतो. डुक्सच्या किल्ल्यात म्हातारा, फाटलेल्या डौलाचा, नोकरांच्या थट्टेचा विषय. संडासाच्या भिंतीवर कुणीतरी त्याचं चित्र घाणीने चिकटवलेलं त्याला सापडतं आणि तो दाद मागत किल्ल्यातून फिरतो. हे बघताना मला त्याआधीचा ड्रेस्डेनचा प्रसंग आठवतो, या चित्रपटातला मला सगळ्यांत जवळचा. नाट्यगृहात खेळ संपला आहे, प्रचंड झुंबरं खाली उतरवून त्यांच्या मेणबत्त्या पंख्यांनी विझवताहेत. काळोख एकेका झुंबराने वाढत जातो. वरच्या सज्जातून एक म्हातारी हाक मारते. त्याची आई. कधीकाळची नटी, आता चालवत नाही तिला. तो तिला पाठीवर घेतो आणि जिन्याने उतरवून बर्फातल्या गाडीत नेऊन बसवतो. गाडी निघून जाते, आणि मग त्याला सुचतं की आपण तिचा पत्ता विचारलाच नाही. अठरा-एकोणीस वर्षांचे नाना पानिपतावरून जीव वाचवून परतले तेव्हा बरोबर नेलेली आई परत आली नव्हती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही हे मला कळतं. तरी एक आठवली की दुसरी आठवते.

चित्रपट सुरू झाला तेव्हा कार्निव्हलच्या गर्दीने मोठ्या कालव्यातून एका देवीचं अवाढव्य शिर दोरांनी वर खेचलं होतं. व्हेनिसच्या बोलीत लोक तिला आळवत होते. ती बोलीतली कवनंही झान्झोत्तोचीच. आमच्या झाडीबोलीत रात्री देवाला आळवतात तेव्हा शब्दांहून त्यातली जवळीक आधी पोचते, तसं ते मला ऐकू आलं. शिर डोळ्यांपर्यंत वर येतं. दगडी डोळे क्षणभर सगळ्या गर्दीकडे बघतात. मग दोर तुटतात आणि ती पुन्हा पाण्यात जाते.

शेवटी त्याच कालव्याचं बर्फ झालेलं आहे. म्हाताऱ्याच्या स्वप्नातलं व्हेनिस, रिकामं. आयुष्यातल्या बायका दिसतात, हसत पळून जातात. रोझाल्बा उरते. दोघं एकमेकांना धरून उभी राहतात आणि गोल फिरू लागतात. नीट पाहिलं तर पावलं हलत नाहीत. खालचं बर्फच त्यांना फिरवतं आहे, चावीच्या खेळण्यातल्या जोडीसारखं. संगीत तेच, त्या पहिल्या रात्रीचं. मी दर वेळी त्या फ्रेमच्या कोपऱ्यांत सोनेरी पक्षी शोधतो. तो तिथे नाही. सदरलँडच्या पापण्या लवत नाहीत.